राहिलेलं हातधुणं

वाशीमच्या बाजारात सोजरबाई नर्सचं नाव काढा, कोणीही तुम्हाला काचेच्या पेल्याची गोष्ट सांगेल. बाई कुठं शिकली, कशी शिकली, विधवेच्या पोटात किती दुःख होतं, हे कोणी सांगणार नाही. पेल्याची गोष्ट मात्र तिखटमीठ लावून सांगतील. भर मंडपात बाईनं एका दाईचे हात धुतले, धुतलेलं पाणी पेल्यात धरून वर केलं, आणि ते काळंकुट्ट पाणी पाहून चारशे बायांनी तोंडाला पदर लावला. तिथून बाईचं नशीब उघडलं. गावच्या म्युनिसिपल कमिटीत तिचा शब्द चालू लागला, पुढं ती नागपूरच्या असेंब्लीवर गेली.

हीच गोष्ट सोजरबाईसमोर कोणी काढली, की ती चपला पायांत सरकवायची आणि चालू लागायची. लोक म्हणायचे, बाईला स्तुती आवडत नाही. न आवडायला ती काय देव होती? स्तुती तिला फार आवडायची. तिथंच तर सगळा घात झाला.

सोजर मूळची मेडशीची. बाप जानराव, थोडी ज्वारी, थोडी कपाशी, आणि घरासमोरच शाळा. म्हणून पोरगी चार बुकं शिकली. सोळाव्या वर्षी वाशीमच्या जगदेवाच्या गळ्यात माळ घातली. जगदेव स्टेशनच्या मालधक्क्यावर रुईच्या गाठी मोजायचा. घर रंगाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. भिंतीला भिंत लागून उस्मान रंगाऱ्याचं घर, आणि उस्मानची बायको रहमतबी. गावातली अर्धी लुगडी उस्मानच्या भट्टीत रंगायची आणि अर्धी लेकरं रहमतबीच्या हातांत जन्माला यायची. तिला सगळा मोहल्ला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, हिंदूही आणि मुसलमानही.

मानमोडीच्या तापाच्या साथीच्या साली, म्हणजे अठरा साली, सोजरचे दिवस भरले. दोन दिवस कळा देऊन लेकरू येईना. आलं तेव्हा पाय आधी आले. घरात रडारड सुरू झाली. रहमतखाला मात्र शांत. तिनं कढत पाण्यात राख घालून कोपरापर्यंत हात घासले, सोजरच्या उशाशी बसलेल्या सासूला बाहेर घालवलं आणि म्हणाली, "पोरी, मी म्हनीन तवाच जोर कर. त्याच्या आंधी नाही." मुलगी झाली. प्रयाग. मायलेकी दोघी वाचल्या.

आता त्या गल्लीतली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाराव्या दिवशी बाळंतिणीनं दाईला पाटावर बसवायचं, घंगाळात तिचे हात धुवायचे, हळद लावायची, आपल्या पदरानं पुसायचे आणि ओंजळीत खोबऱ्याची वाटी ठेवायची. याला म्हणायचे हातधुणं. ते होईपर्यंत दाईचे हात त्या घरात अडकलेले असतात, अशी समजूत. लुगडं-धान्य काय, कमीजास्त झालं तरी दाई बोलायची नाही. हातधुणं चुकलं तर ती जन्मभर बोलून दाखवायची.

सोजरचं हातधुणं चुकलं. नवव्या दिवशी जगदेवाला ताप भरला आणि दहाव्या दिवशी तो गेला. कुठली हळद अन् कुठलं घंगाळ!

चार-सहा महिने गेले. सोजर माणसांत आली, तशी खाला थट्टेनं म्हणू लागली, "माहे हात अजून तुह्या घरात अडकून हायेत वं. सोडव कवातरी."

"खाला, रांडमुंडीच्या हातची हळद चालते का?"

"मले चालते."

पण सोजरचं मन धजलं नाही. आज करू, उद्या करू, असं करत ते राहिलं ते राहिलंच.

त्याच रहमतखालानं तिला नर्स केलं, हे वाशीमात आज किती जणांना ठाऊक आहे? सोजरचे हात लहान, बोटं लांब. खाला ते हात उलटेपालटे करून पाहायची आणि म्हणायची, "हे हात भाकरी थापून कायले वाया घालवतं? नागपूरले शिकवतात म्हने. जाय." सासरा उकंडराव संतापला. "कोना-कोनाच्या घरी विटाळ काढत फिरशीन? आमचं नाक कापशीन?" सासू म्हणाली, पोरीला कोण सांभाळणार? तेव्हा खालानं प्रयागला काखेत उचललं आणि भिंतीपलीकडं घेऊन गेली. दीड वर्ष प्रयाग रंगाऱ्याच्या अंगणात वाढली. हिरव्या, लाल, निळ्या हातांनी भरवलेले घास खाल्ले. आधी खालाला नानी म्हणायला शिकली, सोजरला आई म्हणायला नंतर.

सोजर परत आली ती पांढऱ्या पातळात, हातात काळी बॅग घेऊन. कमिटीच्या दवाखान्यात नर्स लागली. पहिल्या पगारातून खालाला साबणाच्या चार वड्या नेऊन दिल्या. दुसऱ्या बाया अशी वडी पेटीत जपून ठेवतात, सणासुदीला वास घ्यायला काढतात. खालानं चारही वड्या महिन्यात संपवल्या आणि म्हणाली, "आनखी आन." दहा वर्षं दोघींनी जोडीनं गाव सांभाळलं. रक्त थांबेना की खाला निरोप धाडायची. लेकरू आडवं आलं की नर्सबाई स्वतः भिंतीवरून हाक मारायची. आणि दर बाराव्याला, दुसऱ्या कोणाच्या घरून हळदीचे हात घेऊन येताना, खाला दारात थांबून हसायची. "तुहं बाकी हाय बरं, सोजर."

"देईन गं. वाजत-गाजत देईन."

पण सगळ्या दाया काही रहमतबी नव्हत्या. कोणी गवत कापायच्या विळ्यानं नाळ कापायची, कोणी त्यावर शेण लावायची. सातव्या-आठव्या दिवशी लेकरू धनुर्वातानं ताठ व्हायचं आणि घरचे म्हणायचे, सटवीनं नेलं. सोजरबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दायांना दवाखान्यात सहा हप्ते शिकवावं, परवाना द्यावा, बिनपरवान्याच्या दाईला दंड करावा, असा नियम पाहिजे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. अगदी खरी गोष्ट. यात तिची चूक नव्हती, आजही कोणी काढू नये.

बत्तीस साली सरकारनं कमिटीवर एक बाई नेमायची ठरवली. चार बुकं शिकलेली, साहेबाशी न घाबरता बोलणारी बाई वाशीमात दुसरी कोण होती? सोजरबाईनं नोकरी सोडली आणि कमिटीच्या टेबलाशी जाऊन बसली. सोळा बाप्ये आणि ही एकटी. अध्यक्ष रामकिसन शेठ, रुईचा व्यापारी, बोलायला लोण्यासारखा मऊ. ही बोलायला उभी राहिली की चहा यायचा. दंडाचा नियम तिनं दोनदा मांडला, दोनदा पडला. "बाई, तुमचं अगदी बरोबर आहे," असं म्हणायचे आणि पुढचा विषय घ्यायचे, दिवाबत्ती.

दुसऱ्यांदा नियम पडला तेव्हा रामकिसन शेठनं तिला बाजूला घेतलं. "बाई, कागद कोण वाचतं? लोकांले डोयानं दिसलं पाह्यजे. संक्रांतीनंतर बालसप्ताहाचं प्रदर्शन हाय. साहेबाची मडम येनार. अकोल्याची, नागपूरची मानसं येनार. उद्या असेंब्लीत बायाइसाठी जागा निघनार हायेत. काहीतरी दाखवा." आणि हळूच म्हणाला, "तुमालेही बरं."

सोजरबाईनं ठरवलं, दाईचे हात दाखवायचे. स्टेजवर हात धुवायचे आणि पाणी लोकांना दाखवायचं. कल्पना उत्तम, पण दाई कुठून आणायची? ज्या खरोखर घाणेरड्या होत्या त्यांनी साफ सांगितलं, आम्ही काय तमाशातल्या बाया आहोत? आठ दिवसांवर प्रदर्शन आलं. तेव्हा सोजरबाईला रहमतखाला आठवली. का? तर ती नाही म्हणणार नाही म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

"खाला, शनवारी मंडपात येजो. स्टेजवर. तुह्यं काम हाय."

"माह्यं? तिथी कायचं काम?"

"ये तं खरी."

शाळेच्या पटांगणात मंडप पडला होता. समोर चारशे बाया. संक्रांत नुकतीच झालेली, म्हणून बहुतेक जणींच्या अंगावर नवं काळं लुगडं. आता सांगा, संक्रांतीची काळी लुगडी वाशीमात कोण रंगवायचं? पंधरा दिवस उस्मानच्या भट्टीत हिरडा आणि हिराकसाचा काळा रंग उकळत होता. पंधरा दिवस रहमतबीचे हात कोपरापर्यंत त्यात होते. तो रंग कातडीत, नखांच्या कडांत मुरतो; कितीही धुवा, आठ-दहा दिवस पाण्याला उतरत राहतो. भिंतीला भिंत लागून राहिलेल्या सोजरबाईला हे ठाऊक नव्हतं, असं कोणी म्हणेल का?

खाला आली. ईदचे कपडे घातलेले, डोळ्यांत सुरमा, डोक्यावर हिरवी ओढणी. स्टेजवर चढली आणि टेबलावरचं पितळी घंगाळ पाहिलं. तांब्या पाहिला, पांढरा पंचा पाहिला. समोर अख्खा गाव. तिचं तोंड असं उजळलं की सोजरबाईला पहिल्यांदा काही कळेना. खाला जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "वाजत-गाजत म्हने, तं खरंच वाजत-गाजत केलं वं! हयद कुठी हाय?"

तेव्हा सोजरबाईच्या लक्षात आलं. खाला हे हातधुणं समजली होती. तिथंच थांबता आलं असतं. "खाला, ते हे नाही," इतकं म्हणायला किती वेळ लागतो? पण पहिल्या रांगेत मडम बसली होती, रामकिसन शेठ घड्याळ पाहत होता, आणि समोर चारशे सवाष्णी होत्या. पंधरा-सोळा वर्षांत यांतल्या एकीनं तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. आज सगळ्या माना वर करून तिच्याकडं पाहत होत्या. सोजरबाईनं खालाचे हात घंगाळात धरले आणि पाणी ओतलं. साबण लावला, घासले. खाला लाजून हसत होती. पाणी काळं झालं. सोजरबाईनं ते काचेच्या पेल्यात घेतलं आणि उजेडात वर धरलं.

"पाहा बायांनो! या हातांनी तुमच्या लेकराची नाळ कापतात!"

मंडपभर शी-शी झाली. चारशे पदर तोंडाशी गेले. मडमेनं मान हलवली. खालाचं हसू तोंडावरच राहून गेलं; तिला काय झालं ते समजायला जरा वेळ लागला. मग ती सोजरबाईकडं पाहून अगदी हळू म्हणाली, "रंग हाय ना तो, सोजर. सांग ना त्याइले."

सोजरबाई बोलली नाही.

खालानं पंचा घेतला नाही. ओले हात ओढणीखाली घातले आणि पायऱ्या उतरून मंडपाबाहेर गेली.

नियम एकमतानं पास झाला. चहासुद्धा आला नाही त्या दिवशी. अकोल्याच्या छापखान्यातून परवाने आले, सहा दाया सहा हप्ते शिकून पास झाल्या, त्यांत रंगूबाई पहिली आली. खरं तेही सांगतो, धनुर्वातानं मरणारी लेकरं कमी झाली. रहमतबी मात्र शिकायला गेली नाही, आणि तिला बोलवायलाही कोणी गेलं नाही. गरज सरो अन् वैद्य मरो. तिनं भिंतीवरून हाक मारणं बंद केलं. रस्त्यात समोर आली तर "सलाम, नर्सबाई," म्हणायची. सोजर म्हणणं तिनं त्या दिवसापासून सोडलं.

सोजरबाई मनाला समजावायची, एकीचं गेलं, शंभर लेकरं वाचली. काय वाईट झालं? दिवसा हे पटायचं. पण हात धुवायला बसली की पाण्याकडं पाहवायचं नाही.

सदतीस साली ती असेंब्लीवर निवडून गेली. वाशीमच्या स्टेशनावर हार पडले. नागपूरला जायचं म्हणजे छोट्या लाइनीनं अकोला, तिथून मोठी गाडी. एक वर्षभर तिनं सारख्या खेपा घातल्या. हाच नियम सगळ्या प्रांताला लागू करावा म्हणून अडतीसच्या फेब्रुवारीत ती बोलायला उभी राहिली. प्रयाग तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. अजून वीस दिवस आहेत, असा बाईचा हिशेब. शिवाय रंगूबाईला बजावून ठेवलेलं. भाषणात तिनं पेल्याची गोष्ट सांगितली. सांगणार नव्हती, पण समोरचे पेंगू लागले तशी जिभेवर आली. "मी माझ्या डोळ्यांनी ते काळं पाणी पाहिलं," असं म्हणाली आणि बाकं वाजली.

दुसऱ्या दिवशी तार आली. प्रयाग सुटली, मुलगा, दोघं खुशाल. सोजरबाईनं पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत सुटली, "पाहा, घरची परवान्याची दाई! माझ्यावाचून अडलं का काही?"

वाशीमला घरी पोचली, नातू पाहिला, प्रयागच्या कपाळाला हात लावला आणि रंगूबाईच्या अंगावर नवं पातळ टाकलं. रंगूबाईनं ते घेतलं नाही. दाराशी उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली.

"बाई, म्या नाही केलं."

"म्हणजे?"

"पाय पहिले आले. माह्या हातापायाचं पानी पानी झालं. सा हप्त्यात आमाले हे शिकवलं नाही. असं झालं तं डाक्टराले बलवा, इतकंच सांगतलं व्हतं. डाक्टर पटकीच्या साथीत मेडशीले गेलता. मंग मीच पयाली रहमतखालाकडे. ती म्हने, मले परवाना नाही, मी येत नाही. मंग म्हने, कोनाच्या घरी? म्या म्हटलं, सोजरबाईच्या. तशी उठली. इथी येऊन तीनदा हात धुतले साबनानं. मंग हात असे पुढं केले आन आमा जमलेल्या बायाइले म्हने, पाहा, साफ हायेत का? तोंडानं बोला. आमी साफ हायेत म्हटलं, तवाच पोरीले हात लावला. जाता जाता म्हने, मी आलीच नव्हती."

सोजरबाईला जीव नको झाला. ज्या दिवशी ती असेंब्लीत पेल्याची गोष्ट सांगत होती, त्याच दिवशी ते हात तिच्या नातवाला बाहेर काढत होते. आणि वर हिनं पेढे वाटले! परवान्याचे!

ती तशीच भिंतीपलीकडं गेली. रहमतबी ओसरीवर तूर निवडत होती. सोजरबाईला पाहून उठली, मोरीवर गेली, साबण लावून हात धुतले, परत आली आणि दोन्ही हात आधी पालथे, मग उताणे धरून दाखवले.

"बसा, नर्सबाई. पानी देऊ? हात साफ हायेत."

"खाला, नको गं असं. माही पोरगी तू वाचवली."

"मी? मी कुठी गेली नाही. मले कुठी परवाना हाय? दंड व्हते, बाई."

"मी काही कमिटीची म्हणून नाही आली."

"मंग कोन म्हून आल्या?"

सोजरबाई तशीच परत आली.

त्याच हप्त्यात कमिटीची सभा होती. सोजरबाई उभी राहिली आणि म्हणाली, "चार वर्षांपूर्वी मी दाखवलं ते पाणी घाणीचं नव्हतं. संक्रांतीच्या लुगड्यांचा रंग होता. मला माहीत होतं. मी खोटं बोलले." म्हणताना तिला वाटलं, आता छत कोसळेल. काही कोसळलं नाही. कारकुनानं टाक उचलून विचारलं, "हे लिहू का?" रामकिसन शेठ म्हणाला, "कायले? बाई नागपूरहून थकून आल्या हायेत. नियम चांगला हाय ना? मंग झालं." आणि पुढचा विषय घेतला, दिवाबत्ती.

बारावा दिवस आला. बाळाचं नाव ठेवायला मोहल्ल्यातल्या पंचवीस-तीस बाया जमल्या. प्रयाग अडून बसली. "नानी आल्याबिगर पोराचं नाव ठेवत नाही. पाटही मीच मांडीन." बाळंतीण ऐकेना, तेव्हा कोणीतरी जाऊन सांगितलं, आणि रहमतबी मागच्या दारानं आली. अंग चोरून बसली. हात ओढणीत.

प्रयागनं तिला पाटावर बसवलं. तेच पितळी घंगाळ. आधी साधं पाणी, मग हळद. प्रयाग बोट न बोट चोळून धूत होती आणि पाणी जसंच्या तसं राहिलं, तळाचं पितळ दिसत होतं. प्रयाग त्याच हातांचे घास खाऊन वाढलेली. ती मधेच थांबली.

"नानी, तुहे हात असे पांढरे कवापासून झाले वं? म्या तं जनमभर रंगाचेच पाह्यले."

"चार वर्सं झाले," रहमतबी म्हणाली. "त्या दिसापासून रंगात हात नाही घातला. भट्टीवर घरधनी एकटेच असतात. म्हटलं, न जानो, कोनाचं बलावनं आलं तं हात साफ पाह्यजे."

चार वर्षांत बोलावणं एकच आलं होतं.

सोजरबाईला राहवलं नाही. ती सगळ्या बायांच्या मधोमध उभी राहिली. कमिटीत बोलली होती, पण तिथं बाई कुठं होती? पदर तोंडाला लावला होता तो यांनी. "ऐका गं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "ते पाणी घाणीचं नव्हतं. रंग होता. मले माहीत होतं आन मी गप बसली. माह्या खुर्चीसाठी बसली."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. भिंतीशी बसलेल्या शेजारच्या एका म्हातारीनं खाकरून घसा साफ केला.

"रंग व्हता हे आमाले मालूम व्हतं, बाई. ज्या रंगाचं लुगडं अंगावर नेसून बसलो व्हतो, तो रंग का आमाले ओयखू येत नाही?"

"मग बोलल्या काहून नाही? बोलावणं काहून बंद केलं खालाले?"

"तुमी मोठ्या बाई सांगून राह्यल्या व्हत्या. स्टेजवरून. आमी कोन बोलनार?"

सोजरबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. खोटं आपण एकटीनं बोललो, एवढंच ओझं आजवर ती वाहत होती. आपण साऱ्या गावाला गप्प बसवलं, हे तिला आज कळलं. ती पाटासमोर गुडघ्यांवर बसली आणि हळदीच्या वाटीकडं हात नेला.

"खाला, माह्यं राह्यलेलं हातधुणं आज घे. वीस वर्सं झाले. पाया पडतो तुह्या."

रहमतबीनं प्रयागच्या पदराला हात पुसले. खोबऱ्याची वाटी उचलून प्रयागच्या कपाळाला लावली. मग दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"तुह्यं राहू दे, सोजर," ती म्हणाली. "ते बाकी व्हतं म्हून तं त्या दिशी तुह्या घराची पायरी चढली मी. नाही तं कायले आली असती?"

एवढं बोलून ती उठली आणि आली तशी मागच्या दारानं गेली. सोजरबाई हळदीची वाटी हातात धरून तिथंच बसून राहिली, आणि बाया पाळण्याकडं वळल्या.